दाराला टेकवलेला डावा पाय

एका शनिवारी मी आमच्या कारखान्याच्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांचे डावे पाय घालवले. उजवे शाबूत होते. उलट ते गरजेपेक्षा जास्तच झाले होते, कारण डाव्यांच्या जागीही तेच जाऊन बसले होते.

हे सगळ्यात आधी मापकाकांच्या लक्षात आलं, सोमवारी सकाळी, चहा यायच्या आत. ते गिऱ्हाइकांच्या पायांची मापं घेतात म्हणून मापकाका. त्यांचं खरं नाव विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून त्यांनी कॉम्प्युटरवर पहिली फाइल उघडली. पडद्यावर एक करडा पाय गोल गोल फिरायला लागला.

"ढगवाले," त्यांनी मला हाक मारली, "हा उजवा आहे."

"काका, तुम्ही उजव्यांचं फोल्डर उघडलं असेल."

"डाव्यांचं उघडलंय. वर लिहिलंय तसं. वाचता येतं मला."

मी उठून गेलो. फोल्डर डाव्यांचंच होतं. आतला पाय उजवा होता. त्यांनी दुसरी फाइल उघडली. उजवा. तिसरी उघडली. तोही उजवाच, आणि फिरता फिरता त्याचा अंगठा माझ्याकडे रोखून थांबला.

"एवढे उजवे पाय मी जन्मात एका जागी पाहिले नव्हते," काका म्हणाले.

माझे हातपाय गळाले. त्यातला एक पाय डावा होता. कारखान्यात खात्रीचे असे डावे पाय आता आमचे आमचेच उरले होते.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबट हॉल, त्याला लागून दोन खोल्या, आणि सगळीकडे चामड्याचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास. दुकानातला बूट ज्यांच्या पायाला होत नाही त्यांच्यासाठी आम्ही बूट करतो. कुणाचा एक पाय आखूड असतो, कुणाचं बोट बोटावर चढलेलं असतं, कुणाची टाच लहानपणच्या अपघातात चेपलेली असते. अशा प्रत्येक पायाचा एक फर्मा लागतो. फर्मा म्हणजे पायाच्या आकाराचा ठोकळा; त्यावर चामडं ताणून बूट घडवतात. पूर्वी तो लाकडाचा असायचा आणि काका तो हाताने कोरायचे.

आता कुणी म्हणेल, गेले डावे पाय तर गेले, माणसं आहेत ना जागेवर, घ्या परत मापं. हे मीही त्या सकाळी मनातल्या मनात म्हणून पाहिलं. पण फर्मा म्हणजे नुसतं माप नव्हे. गिऱ्हाईक पहिला बूट घालून जातं, काही दिवसांनी लंगडत परत येतं आणि म्हणतं, इथे टोचतंय. मग काका फर्म्यावर एका जागी चामड्याचा तुकडा चिकटवतात, दुसऱ्या जागी कानशीने घासतात. पुन्हा बूट, पुन्हा तक्रार, पुन्हा कानस. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि मग एक दिवस गिऱ्हाईक बूट घालतं, उभं राहतं आणि बुटाबद्दल काही न बोलता हवापाण्याच्या गप्पा मारायला लागतं. काकांच्या भाषेत तेव्हा तो फर्मा "गप्प झाला". माप काय, चहा थंड व्हायच्या आत घेऊन होतं. फर्मा गप्प करण्यात आयुष्य जातं.

काकांचं तर गेलंच होतं. मालकीणबाईंच्या वडिलांनी त्यांना कामावर ठेवलं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. तेव्हापासून ते माणसाचं तोंड सगळ्यात शेवटी बघतात. रस्त्यात कुणी हाक मारली तर आधी त्याची चाल बघतील, मग म्हणतील, "तू होय. डावी टाच का ओढतोयस?" एकदा बँकेच्या रांगेत पुढच्या अनोळखी बाईंना म्हणाले, "ताई, तुमचा उजवा बूट एक नंबर मोठा झालाय." बाई रांग सोडून निघून गेल्या. काकांना वाटलं, बूट बदलायला गेल्या. घरी येऊन त्यांनी ही गोष्ट काकूंना कौतुकाने सांगितली. काकूंनी त्यांच्याच पायातल्या, एका अंगाने झिजून नौका झालेल्या चपलांकडे पाहिलं आणि म्हटलं, "यांचं काय करायचं ते आधी बघा."

काकांची एक पद्धत होती आणि ती कुणालाही मोडता आली नाही. एकाच माणसाचे दोन फर्मे ते कधी शेजारी ठेवत नसत. फर्म्यांच्या खोलीत डाव्या भिंतीला सगळे डावे, उजव्या भिंतीला सगळे उजवे, आणि दोघांवर गिऱ्हाइकाचा तोच नंबर. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "जोडीने ठेवले की हात लबाडी करतो. एकासारखा दुसरा करायला जातो. दोन पाय म्हणजे दोन गिऱ्हाइकं समजायची."

"आणि बिल?"

"बिल एकच. ते मालकीणबाई बघतात."

मी कारखान्यात कॉम्प्युटर बघायला म्हणून आलो. ज्या गावात मी शिकलो तिथल्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता आणि तोही धूळ बसू नये म्हणून कायम झाकलेला असायचा. त्यामुळे कॉम्प्युटर बघणं म्हणजे काय हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. इथे मात्र मी उत्साहाच्या भरात होतो. फर्म्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती आणि लाकडाला भुंगा लागला होता. मालकीणबाईंनी हातात धरायचा स्कॅनर घेतला, फाइलवरून प्लास्टिकचा फर्मा कोरणारं मशीन घेतलं, आणि काका रोज दुपारी एकेक फर्मा मांडीवर घेऊन त्याच्यावरून स्कॅनर फिरवू लागले, बाळाला पावडर लावावी तसे. डाव्या भिंतीवरचे डाव्या फोल्डरमध्ये, उजव्या भिंतीवरचे उजव्या. हे दोन्ही फोल्डर ऑफिसातल्या एका डब्यावर होते आणि कारखान्यातल्या सगळ्या कॉम्प्युटरवरून उघडत. नेटवर्कवरचं सामाईक कपाट म्हणा.

शेवटचा फर्मा स्कॅन झाल्यावर काकांनी मला विचारलं होतं, "हा डबा बंद पडला तर?"

"तर वर आहे ना सगळं. ढगात." मी छातीठोकपणे आभाळाकडे बोट केलं होतं. क्लाउड म्हणजे प्रत्यक्षात कुठल्यातरी कंपनीचं लांबचं कोठार, पण बोट वरच जातं. त्या दिवसापासून मी ढगवाले झालो.

माझ्या त्या बोटाच्या भरवशावर काकांनी खोली रिकामी केली. समोरच्या बेकरीवाल्याने सगळे फर्मे भट्टीसाठी उचलून नेले. त्यानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीने काकांच्या उमेदवारीपासूनच्या कामावर भाजलेला पाव खाल्ला. काका तेवढे दिवस पाव खात नव्हते. पोट बरं नाही म्हणाले.

तर अशी सगळी जय्यत तयारी करून ठेवल्यावर, त्या शनिवारी मी डबा बदलायला घेतला. जुना डबा घरघर करायला लागला होता. बॅकअपचा प्रोग्राम रोज हिरव्या अक्षरात "यशस्वी" म्हणून सांगत होता, तेव्हा शंकेला जागाच नव्हती. जुन्या डिस्क मी पुसल्या, आणि गिऱ्हाइकांची खाजगी माहिती भंगारात जाऊ नये म्हणून त्यांना भोकंसुद्धा पाडली. ड्रिल मशीन काकांनीच दिलं. वर "नीट पाड, अर्धवट नको," असा सल्लाही दिला. मी नीट पाडली. मग नव्या डब्यावर क्लाउडमधून सगळं खाली उतरवलं, फाइली मोजल्या, आकडा जुळला, आणि शीळ घालत घरी गेलो.

सोमवारी त्या उजव्या अंगठ्यासमोर उभा असताना मला माझी अक्कल लख्ख दिसली. क्लाउडच्या त्या कोठारात, म्हणजे ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात त्यात, कपाटं-कप्पे काही नसतात. प्रत्येक फाइल म्हणजे एक गाठोडं आणि गाठोड्याला एक चिठ्ठी. डावे कोण आणि उजवे कोण हे कळायला ते चिठ्ठीवरच लिहावं लागतं. मी दोन्ही फोल्डरांना जायचा पत्ता एकच दिला होता, आणि चिठ्ठीवर फक्त गिऱ्हाइकाचा नंबर होता. काकांनी दोन भिंती जपल्या होत्या. मी वर जाऊन मधली जागाच काढून टाकली होती. रोज संध्याकाळी कारखाना बंद झाला की आधी डावा पाय जायचा, मग त्याच नावाने उजवा जायचा आणि डाव्याच्या जागेवर बसायचा. खाली उतरवताना दोन्ही फोल्डरांत तोच उजवा आला, म्हणून आकडाही जुळला.

मी काकांना हे सगळं, चिठ्ठीबिठ्ठीसकट, सांगितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे डावे सगळे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नवीन-जुने सगळे?"

"हो, काका."

त्यांनी चष्मा परत कपाळावर सरकवला, खिडकीपाशी गेले आणि बेकरीच्या धुराड्याकडे बघत उभे राहिले. पाठीमागून त्यांची एक बाजू उतरलेली दिसत होती. ती तशी नेहमीच असते, चपलेमुळे. पण त्या दिवशी मला ती माझ्यामुळे वाटली.

तेवढ्यात मालकीणबाई आत आल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांच्या हातात क्लाउडचं बिल होतं आणि त्या दर महिन्याला येतात त्याच सुरात आल्या होत्या.

"हे बघ, पुन्हा वाढलंय. तू म्हणाला होतास, एकदा फाइली चढल्या की फारसं वाढणार नाही. दर महिन्याला वाढतंय. माणसांचे पाय वाढतात का रे रोज?"

"बाई, आज नको," काका खिडकीतूनच म्हणाले.

"आज का नको? मी मागेच सांगितलं होतं याला, वर काय जुनंपानं साठलं असेल ते काढून टाक म्हणून. काढलंस का?"

"नाही काढलं," मी म्हटलं. खरं सांगायचं तर कंटाळा केला होता.

आणि मग तेच वाक्य माझ्याच कानात पुन्हा वाजलं. जुनं काढलेलं नाही. बिल वाढतंय. फाइली तर तेवढ्याच आहेत. मग वर वाढतंय काय?

मी बाईंच्या हातातलं बिल जवळजवळ हिसकावलं. त्या काही बोलायच्या आत क्लाउडचं पान उघडलं, एका गिऱ्हाइकाच्या नंबरवर गेलो आणि "जुन्या आवृत्त्या दाखवा" अशा अर्थाचं एक बटण होतं, ज्याला मी जन्मात हात लावला नव्हता, ते दाबलं. खाली रांग लागली. उजवा, त्याच्या खाली डावा, त्याच्या खाली उजवा, त्याच्या खाली डावा. पडदा संपला तरी रांग संपेना.

झालं असं होतं की सुरुवातीला खातं उघडताना मी काही न वाचता पुढे, पुढे, पुढे करत गेलो होतो. त्या भरात "नवीन फाइल आली तरी जुनी ठेवून द्या" या चौकोनात खूण तशीच राहिली होती. वाचलं असतं तर काटकसर म्हणून काढली असती. मग रोज संध्याकाळी डाव्यांची पाळी आली की प्रोग्राम बघायचा, अरे इथे तर भलताच पाय आहे. की तो डावा परत चढवायचा. मागोमाग उजव्यांची पाळी. त्यांनाही भलताच पाय दिसायचा. तेही परत चढायचे. इतके महिने ढगात आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांची डावा-उजवा, डावा-उजवा अशी कवायत चालली होती, आणि मालकीणबाई तिचं बिल भरत होत्या.

"आहेत," मी म्हटलं. "काका, डावे आहेत. उजव्यांच्या खाली आहेत."

"खाली म्हणजे कुठे?" काकांनी चक्क टेबलाखाली पाहिलं.

"काय आहेत? कोण खाली आहे?" मालकीणबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या खुर्चीत बसल्या. उठल्या. परत बसल्या.

"म्हणजे मी जे बिलावरून ओरडत होते..."

"त्यानेच वाचलो, बाई."

"आणि मी सांगितलं तसं तू साफ केलं असतंस तर?"

मी घाईने पडद्याकडे वळलो. कामचुकारपणाबद्दल शाबासकी मिळायची वेळ आयुष्यात वारंवार येत नाही. ती तोंडाने घालवू नये.

डाव्यांची चढायची वेळ वेगळी होती, उजव्यांची वेगळी. वेळेवरून चाळून प्रत्येक नंबरचा सगळ्यात ताजा डावा तेवढा उचलायचा, असा एक छोटा प्रोग्राम लिहिला आणि सोडला. दुपारपर्यंत फोल्डर भरत आलं. काका खुर्ची ओढून शेजारी बसले होते. प्रत्येक पाय उघडायला लावत आणि "हा डावा," म्हणत. पुढचा. "हा डावा." त्यांच्या आवाजात दर पायाला थोडा थोडा जीव येत होता. मध्येच म्हणाले, "हा बघ, पोस्टमन. याने मला सात वेळा परत कानशीला बसवलं." पुढे एका लहानशा पायाशी थांबले आणि नुसतेच हसले. त्याची गोष्ट त्यांनी सांगितली नाही.

पण पूर्ण विश्वास त्यांचा बसेना. "चित्रात सगळे डावेच दिसतात," ते म्हणाले. "शनिवारी तुला पण सगळं बरोबरच दिसत होतं. तोच आकार आला का, हे लाकडाशी लावल्याशिवाय मी मानणार नाही."

"लाकूड कुठून आणू? त्याचा पाव झाला."

काका जरा घुटमळले. खोकले. मग इकडे तिकडे बघत म्हणाले, "एक आहे. घरी. काकूंकडे माग. माझं नाव सांगू नकोस."

काकांचं घर बेकरीच्या मागच्या गल्लीत. दार सताड उघडं होतं आणि त्याच्या तळाशी, वाऱ्याने आपटू नये म्हणून, एक लाकडी डावा पाय टेकवलेला होता.

"काकू, हे लाकूड थोडा वेळ पाहिजे होतं."

"यांनी पाठवलं ना?"

"नाही, मीच आलो."

"खोटं बोलायचं तर तोंड तरी धड ठेवावं माणसाने." काकूंनी हात पदराला पुसले. "सगळे फर्मे भट्टीत घातले म्हणाले, आणि संध्याकाळी हा एक पिशवीत लपवून आणला, चोरीचा माल आणावा तसा. मी म्हटलं, हा कशाला? तर म्हणाले, दाराला होईल. दाराला वीट नव्हती का?"

"संध्याकाळी आणून देतो."

"वारा संध्याकाळीच सुटतो. त्याच्या आत आण."

"नक्की आणतो, काकू."

तो फर्मा शाळेतल्या एका बाईंचा होता. काकांनी कुणाच्या मदतीशिवाय कोरलेला तो पहिला. हे त्यांनी सांगितलं नाही, मालकीणबाईंनी सांगितलं. तोच नंबर आम्ही मशीनला दिला. मशीन किर्रर्र करत पांढऱ्या प्लास्टिकमधून पाय सोलत राहिलं आणि आम्ही तिघं समोर उभे, दवाखान्याबाहेर उभे राहावं तसे. पाय तयार झाल्यावर काकांनी एका हातात लाकडाचा घेतला, दुसऱ्यात प्लास्टिकचा. डोळे मिटले. अंगठे चवड्याखालून हळूहळू फिरवत नेले. लाकडाच्या फर्म्यावर त्या जागी चामड्याचा जुना तुकडा होता, कडा घासून गुळगुळीत झालेला. प्लास्टिकवर चामडं नव्हतं, पण तेवढाच उंचवटा होता, तेवढाच उतार.

काकांनी अंगठे पुन्हा एकदा त्याच वाटेने फिरवले. मग डोळे न उघडताच म्हणाले, "गप्प आहे."

मालकीणबाईंनी लांब श्वास सोडला आणि चहा सांगितला. सकाळचा चहा कुणी घेतलाच नव्हता. बेकरीतून पावही आला, आणि काकांनी दोन खाल्ले. तोंड भरलेलं असतानाच मला म्हणाले, "ढगवाले, पुढच्या वेळी भोकं पाडायच्या आधी एक पाय वरून उतरवून मला दाखव. ड्रिल मग देतो."

आता तसंच करतो. क्लाउडमध्ये चिठ्ठ्यांवर डावा-उजवा स्वच्छ लिहिलेलं आहे. दोन भिंती वरही उभ्या राहिल्या. जुन्या आवृत्त्या ठेवायच्या, पण किती दिवस, हेही ठरवलं. कवायत बंद झाल्यामुळे बिल खाली आलं आणि मालकीणबाईंना बोलायला दुसरं काहीतरी शोधावं लागलं. त्यांना ते लगेच सापडलं. दर शनिवारी काका मनात येईल तो एक नंबर सांगतात, मी तो पाय वरून उतरवतो, आणि ते तो फिरवून, उलटा करून, तळवा पाहून पास करतात. एकदा त्यांनी मुद्दाम नसलेला नंबर सांगितला. मी घामाघूम होऊन शोधत राहिलो. ते शेवटपर्यंत गंभीर होते.

राहता राहिला लाकडाचा फर्मा. तो त्या दिवशी संध्याकाळी माझ्या टेबलावर राहिला. "राहू दे आजच्या दिवस," काका म्हणाले होते, "अजून एकदोन ताडून बघू." ताडायला दुसरं लाकूड नव्हतंच. तेव्हापासून सकाळी आले की ते आधी माझ्या टेबलाशी येतात. फर्म्यावरून एकदा हात फिरवतात, पेन शोधतोय असं दाखवतात आणि जातात.

काकूंचा निरोप रोज काकांच्याच हाती येतो. "दार आपटतंय म्हणते." मी एक छानशी वीट नेऊन दिली, तर काकूंनी ती अंगणात ठेवली आणि म्हणाल्या, "ही तुझी. माझं लाकूड कधी आणतोस?"

"उद्या, काकू."

काल खरंच पिशवीत घातला होता. काका खिडकीपाशी चष्मा पुसत होते, बराच वेळ, एकच काच. मी फर्मा पिशवीतून काढून परत टेबलावर ठेवला. संध्याकाळी त्यांच्या गल्लीवरून घरी निघालो तेव्हा वारा सुटला होता आणि काकूंचं दार लांबूनच ऐकू येत होतं. मी पलीकडच्या रस्त्याने गेलो.